स्पर्शाचा निरोप : दूर राहणाऱ्यांसाठीच्या स्पर्शतंत्रज्ञानाची समीक्षा

घटकाची उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर विद्यार्थ्यांना :
• स्पर्श दूरवर पोचवणाऱ्या उपकरणांचे मुख्य प्रकार उदाहरणांसह सांगता येतील.
• त्वचेला होणारी संवेदना आणि माणसाने केलेला स्पर्श यांतील फरक स्पष्ट करता येईल.
• अशा उपकरणांचे मूल्यमापन करण्यासाठी तीन कसोट्या वापरता येतील.
• भारतीय कौटुंबिक आणि सामाजिक संदर्भात या तंत्रज्ञानाच्या मर्यादा मांडता येतील.

१. प्रस्तावना

कालिदासाच्या ‘मेघदूता’तील यक्ष शापामुळे वर्षभर पत्नीपासून दूर, रामगिरीवर राहतो. हा रामगिरी म्हणजे नागपूरजवळचे रामटेक असे परंपरेने मानले जाते. यक्षाने मेघाबरोबर निरोप पाठवला, एवढी गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक असते. उत्तरमेघात मात्र आणखी एक तपशील आहे. हिमालयाकडून येणाऱ्या वाऱ्यांना यक्ष मिठी मारतो. हे वारे कदाचित तिच्या अंगाला लागून आले असतील, अशी त्याची आशा आहे. म्हणजे दूर गेलेल्या माणसाच्या गरजा दोन आहेत. बोलणे पोचवायला त्याला मेघ हवा, आणि स्पर्शासाठी वारा.

पहिल्या गरजेची सोय गेल्या दीडशे वर्षांत होत गेली. तार, टेलिफोन, मोबाइल, व्हिडिओ कॉल असा हा प्रवास आहे. आज हॉस्टेलवर राहणारा विद्यार्थी घरच्यांचा चेहरा रोज पाहू शकतो. दुसरी गरज मात्र तशीच राहिली. कॉल संपतो, पडदा काळा होतो आणि हातात फोनची काच उरते. ही उणीव भरून काढण्यासाठी १९९० च्या दशकापासून संशोधक आणि नंतर कंपन्या प्रयत्न करत आहेत. मिठी पाठवणारे शर्ट, हृदयाचे ठोके पाठवणारी घड्याळे, दुसऱ्या शहरातून टिचकी मारली की थरथरणारी कडी ही त्यांपैकी काही उदाहरणे.

या उपकरणांबद्दल सहसा दोन टोकांची मते ऐकू येतात. एक मत असे की लवकरच अंतर ही अडचणच राहणार नाही. दुसरे मत असे की हा सगळा पोरखेळ आहे, खऱ्या स्पर्शाला पर्याय नाही. दोन्ही मते एकाच प्रश्नावर अडकलेली आहेत : ‘हे खऱ्या स्पर्शासारखे वाटते का?’ प्रस्तुत घटकाची भूमिका अशी की हा प्रश्नच अपुरा आहे. उपकरणाने त्वचेला काय जाणवून दिले, यापेक्षा त्याने दोन माणसांमध्ये कोणता व्यवहार घडवला, हे तपासले पाहिजे. तसे तपासले तर काही साधी उपकरणे सरस ठरतात आणि काही महागडी उपकरणे उघडी पडतात.

२. त्वचेला काय कळते?

प्रथम शरीराची बाजू पाहू. त्वचेत स्पर्शाची नोंद घेणारे ग्राहक अनेक प्रकारचे असतात. काही दाब ओळखतात, काही ताण, काही तापमान, तर काही कंपन. तापमान आणि स्पर्श यांच्या ग्राहकांच्या शोधाबद्दल डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापुटियन यांना २०२१ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. यावरून हा विषय विज्ञानातही किती ताजा आहे हे लक्षात येईल.

आपल्या विषयासाठी दोन ग्राहक महत्त्वाचे आहेत. पहिला पॅसिनियन कण. सेकंदाला सुमारे २०० ते ३०० वेळा होणारे सूक्ष्म कंपन तो फार चांगले टिपतो. फोनमधली छोटी मोटर साधारण याच पट्ट्याच्या आसपास थरथरते, म्हणून खिशातल्या फोनचे कंपन आपल्याला चटकन कळते. दुसरा प्रकार म्हणजे ‘सी-स्पर्शतंतू’. ते मुख्यतः केसाळ त्वचेत, म्हणजे पाठ, दंड, हाताची बाहेरची बाजू अशा ठिकाणी असतात. हे तंतू संथ आहेत. त्यांच्यातून संदेश सेकंदाला सुमारे एक मीटर इतक्याच वेगाने जातो. सेकंदाला १ ते १० सेंटिमीटर या गतीने, त्वचेच्याच तापमानाइतक्या उबदार हाताने, हलकेच कुरवाळले तर ते सर्वाधिक प्रतिसाद देतात. स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी या तंतूंचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे. सुखद, मायेचा स्पर्श ओळखण्याशी त्यांचा संबंध जोडला जातो.

मराठीत आपण ‘पाठीवरून हात फिरवला’ असे म्हणतो. या क्रियापदात गती आहे, सावकाशपणा आहे आणि हाताची ऊबही गृहीत आहे. सी-स्पर्शतंतूंना नेमके हेच लागते. याउलट बाजारातली बहुतेक स्पर्श-उपकरणे थरथरतात. मोटर स्वस्त असते, लहान असते आणि बॅटरी कमी खाते, म्हणून ती निवडली जाते. म्हणजे आपली सर्वांत मोठी अडचण पहिल्याच पायरीवर दिसते. मायेचा स्पर्श ज्या मार्गाने मेंदूकडे जातो, त्या मार्गाला ही उपकरणे फारशी हातच लावत नाहीत. कंपनाचा मार्ग ती प्रेमासाठी वापरतात.

तरीही केवळ शरीरशास्त्रावर निकाल देता येत नाही. जेम्स कोन, हिलरी शेफर आणि रिचर्ड डेव्हिडसन यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग पाहा. १६ विवाहित स्त्रियांना विजेचा सौम्य झटका बसण्याची शक्यता आहे असे सांगून त्यांच्या मेंदूचे चित्रण केले गेले. कधी त्यांच्या हातात पतीचा हात होता, कधी अनोळखी माणसाचा, तर कधी कोणाचाच नव्हता. पतीचा हात हातात असताना मेंदूतील धोक्याशी निगडित हालचाल सर्वाधिक शांत झाली. ज्यांचे वैवाहिक नाते अधिक चांगले, त्यांच्यात हा परिणाम अधिक दिसला. पतीचा हात असो वा अनोळखी माणसाचा, कृती हात धरण्याचीच होती. फरक पडला तो हात कोणाचा आहे आणि त्या हाताशी आपले नाते काय आहे यामुळे.

म्हणून पुढील विवेचनात आपण ‘संवेदना’ आणि ‘स्पर्श’ हे शब्द वेगळे ठेवू. संवेदना त्वचेत घडते. स्पर्श दोन व्यक्तींमध्ये घडतो. संवेदना यंत्राला निर्माण करता येते. स्पर्श यंत्र फार तर होऊ देते किंवा अडवते.

३. चार उपकरणे, चार कल्पना

(अ) लाकडी रोलर. एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये हिरोशी इशी यांच्या गटात स्कॉट ब्रेव्ह आणि अँड्र्यू डाहली यांनी १९९७ साली ‘इनटच’ हे उपकरण मांडले. त्याचे दोन संच असतात. प्रत्येक संचात तीन दंडगोल रोलर बसवलेले असतात. एका ठिकाणी कोणी रोलर फिरवला की दुसऱ्या ठिकाणचा तोच रोलर तितकाच फिरतो. दुसऱ्याने तो धरून ठेवला तर पहिल्याला विरोध जाणवतो. दोघांनी मिळून फिरवला तर एकमेकांचे बळ हाताला कळते. या उपकरणात ना ओठ आहेत, ना मिठी, ना हृदय. लाटण्यासारखे तीन रोलर, एवढेच. मात्र त्यात एक दुर्मीळ गुण आहे. समोरच्याला स्वतः जाणवल्याशिवाय तुम्हाला त्याची हालचाल जाणवूच शकत नाही, कारण दोघांच्या हाताखाली जणू एकच वस्तू आहे.

(आ) मिठीचा शर्ट आणि चुंबनाचे यंत्र. फ्रान्चेस्का रोझेला आणि रायन जेन्झ यांच्या क्यूटसर्किट कंपनीचा ‘हग शर्ट’ २००२ पासून विकसित होत गेला. ‘टाइम’ नियतकालिकाने २००६ च्या उत्तम शोधांमध्ये त्याची गणना केली. शर्ट घातलेल्या माणसाने स्वतःला मिठी मारली की दाबाची जागा व जोर नोंदवला जातो, फोनमार्फत पलीकडे जातो आणि तिथल्या शर्टात कंपन व ऊब निर्माण होते. त्यानंतर सिंगापूरमध्ये ‘किसेंजर’ तयार झाले. त्यात सिलिकॉनच्या ओठांवर पडलेला दाब पलीकडच्या ओठांवर उमटवला जातो. ही उपकरणे शरीराची नक्कल करतात आणि नक्कल केली की तुलना अटळ होते. सिलिकॉनचा ओठ हातात घेतला की आधी जाणवते ते त्याचे माणूस नसणे. तीन रोलर पाहून मात्र कोणी म्हणत नाही की हे हातासारखे नाहीत.

(इ) मिठीची उशी. जपानमध्ये हिरोशी इशिगुरो यांच्या गटाने ‘हगवी’ ही माणसाच्या आकाराची मऊ उशी बनवली. तिच्या डोक्यापाशी फोन ठेवायला खिसा आहे. २०१३ साली ‘सायंटिफिक रिपोर्ट्‌स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पंधरा मिनिटे उशीला कवटाळून बोलणाऱ्यांच्या शरीरातील कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी संबंधित संप्रेरक, केवळ मोबाइलवर बोलणाऱ्यांच्या तुलनेत कमी झाल्याचे आढळले. येथे नीट पाहिले पाहिजे. पलीकडच्या माणसाची मिठी ही उशी आणून देत नाही. स्पर्श उशीचा असतो आणि आवाज माणसाचा. यक्षाच्या वाऱ्याची आठवण यावी अशीच ही रचना आहे : जवळ असलेल्या वस्तूला मिठी मारायची आणि दूरच्या माणसाचा विचार करायचा. अभ्यासातील परिणाम खरा मानला, तरी त्याचे श्रेय ‘स्पर्श पोचवण्याला’ देता येत नाही.

(ई) मनगटावरची थरथर. २०१५ साली बाजारात आलेल्या ॲपल वॉचमध्ये पडद्यावर दोन बोटे ठेवून आपल्या हृदयाचे ठोके दुसऱ्याच्या मनगटावर पाठवण्याची सोय होती. ‘बॉन्ड टच’सारख्या कड्यांत एकाने टिचकी मारली की दुसऱ्याचे कडे थरथरते आणि त्यावर दिवा लागतो. ही उपकरणे आकाराने लहान, वापरायला सोपी आणि म्हणूनच सर्वाधिक पसरलेली आहेत. संवेदनेच्या दृष्टीने ती सर्वांत गरीबही आहेत. तरी लोक ती का घालतात, याचे उत्तर पाचव्या भागात पाहू.

४. अंतराची भौतिक मर्यादा

‘तंत्रज्ञान सुधारेल तसा खराखुरा हस्तांदोलनाचा अनुभव मिळेल’ असे म्हटले जाते. २००२ च्या ऑक्टोबरमध्ये एमआयटीच्या मंदायम श्रीनिवासन यांच्या आणि लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील मेल स्लेटर यांच्या गटांनी अटलांटिक महासागराच्या दोन्ही काठांवरून दोन व्यक्तींना एकच आभासी ठोकळा मिळून उचलायला लावला. एकाने ढकलले की दुसऱ्याच्या बोटाला जोर कळत होता. आज आपल्या देशातही आयआयटी मद्रास येथे स्पर्शतंत्रज्ञानावर संशोधन चालते. त्यामुळे ही आशा पोकळ नाही, पण तिला एक मर्यादा आहे.

बळाची देवाणघेवाण स्थिर वाटावी यासाठी संदेश जाऊन परत यायला अत्यल्प वेळ लागायला हवा. ‘स्पर्शक्षम इंटरनेट’ या कल्पनेत हे उद्दिष्ट सुमारे एक मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग, असे धरले जाते. आता गणित करू. प्रकाशतंतूत प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर असतो. म्हणजे एका मिलिसेकंदात २०० किलोमीटर. जाऊन परत यायचे असल्याने पल्ला उरतो १०० किलोमीटर. मुंबई आणि पुणे यांच्यातील सरळ रेषेतले अंतरही याहून जास्त आहे. मुंबई ते न्यूयॉर्क हे अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर धरले तर तंतू अगदी सरळ टाकला तरी जाण्यायेण्यास किमान १२५ मिलिसेकंद लागतील, आणि प्रत्यक्षात त्याहून जास्त. ही दिरंगाई कुठल्याही कंपनीच्या नव्या आवृत्तीने दूर होणार नाही, कारण ती प्रकाशाच्या वेगाची आहे.

टिचकीसाठी किंवा एका कंपनासाठी ही दिरंगाई नगण्य आहे. हातात हात घालून एकमेकांचा जोर आजमावण्यासाठी मात्र ती घातक ठरते. म्हणजे ज्यांना स्पर्शाची गरज सर्वाधिक, त्या सर्वांत दूरच्या माणसांनाच हुबेहूब स्पर्श सर्वांत कमी मिळू शकतो. जाहिरातीत ही गोष्ट सांगितली जात नाही.

५. एका ठिपक्याची जवळीक

मार्क हासेनत्साल आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली जवळच्या नात्यांसाठी बनवलेल्या १४३ उपकरणांचा आढावा घेतला. त्यांना त्यात सहा मार्ग दिसले : एकमेकांची जाणीव राहणे, भावना व्यक्त करणे, शारीरिकता, भेट देणे, एकत्र कृती करणे आणि आठवणी जपणे. म्हणजे स्पर्श हा सहांपैकी एक मार्ग आहे. स्पर्श-उपकरणे या एका मार्गाची जाहिरात करतात आणि अनेकदा प्रत्यक्षात दुसऱ्याच मार्गाने चालतात, असे माझे मत आहे.

याचा पुरावा २००५ सालच्या एका प्रयोगात सापडतो. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ के आणि सहकाऱ्यांनी दूर राहणाऱ्या जोडप्यांच्या संगणकाच्या पडद्यावर एक छोटे वर्तुळ ठेवले. एकाने त्यावर क्लिक केले की दुसऱ्याच्या पडद्यावरचे वर्तुळ लाल होई आणि पुढच्या बारा तासांत हळूहळू फिके पडे. शब्द नाहीत, आवाज नाही, स्पर्शही नाही. माहितीच्या भाषेत हा केवळ एक बिट. तरीही जोडप्यांनी त्या एका ठिपक्याला पुष्कळ अर्थ दिले. तो लाल असणे म्हणजे ‘तू माझ्या मनात आहेस’, आणि तो फिका पडू देणे हेही एक बोलणेच.

भारतीय वाचकाला हे नवे वाटू नये. मोबाइलचे दर परवडत नव्हते त्या काळात देशभर मिस्ड कॉलची एक भाषा तयार झाली होती. ‘पोचलीस की एक मिस्ड कॉल दे’ हे वाक्य कितीतरी घरांत बोलले गेले. एक रिंग म्हणजे पोचले, दोन म्हणजे फोन कर, आणि रात्री ठरलेल्या वेळी वाजून बंद होणारी रिंग म्हणजे फक्त आठवण. त्यासाठी पैसे पडत नव्हते आणि कंपनीला त्याचा अर्थही कळत नव्हता. अर्थ दोघांनी मिळून ठरवलेला असे.

आता मनगटावरच्या कड्याकडे पुन्हा पाहा. त्याची थरथर हाताच्या स्पर्शासारखी नसतेच. पण ती थरथर याच क्षणी कोणीतरी, नेमक्या त्या एका माणसाने, कामातून वेळ काढून केली आहे हे कळते. कड्याची खरी किंमत या जाणिवेत आहे. म्हणून ही उपकरणे पोरखेळ आहेत असे म्हणणे चूक ठरते. आणि ती स्पर्श पोचवतात असे म्हणणेही चूकच. ती मिस्ड कॉलच्या घराण्यातली आहेत.

६. तीन कसोट्या

वरील विवेचनातून मूल्यमापनाच्या तीन कसोट्या निघतात.

पहिली कसोटी : स्पर्श दोन्हीकडे पोचतो का? फ्रेंच तत्त्वज्ञ मॉरिस मर्लो-पाँती यांनी स्पर्शाचे एक वैशिष्ट्य दाखवले. आपण न दिसता पाहू शकतो, पण स्पर्शित न होता स्पर्श करू शकत नाही. आपल्याकडील ‘अलाबला’ घेण्याची रीत पाहा. आजी नातवाच्या चेहऱ्यावरून दोन्ही हात फिरवते आणि ती बोटे स्वतःच्या कानशिलांवर मोडते. स्पर्श गेला तसा तिच्याकडे परतही आला. ‘इनटच’चे रोलर या कसोटीला उतरतात. हग शर्ट उतरत नाही. पाठवणारा स्वतःलाच मिठी मारतो, आणि पलीकडे ती पोचली तेव्हा समोरचा रडत होता की हसत होता हे त्याच्या हातांना कळत नाही.

दुसरी कसोटी : नकार देता येतो का, आणि नोंद कोणाकडे राहते? प्रत्यक्ष भेटीत अंग किंचित आखडले तरी समोरच्याला कळते आणि हात मागे घेतला जातो. मनगटावरचे कडे अंग आखडल्याचे ओळखत नाही. ते काढून ठेवले तर ‘का काढलेस?’ हा प्रश्न येतो. नात्यात संशय असेल तर हेच कडे पहाऱ्याचे साधन होऊ शकते. शिवाय मधे कंपनीचा सर्व्हर असतो. २०१६ साली जोडप्यांसाठीच्या एका अंतरंग उपकरणाच्या उत्पादकावर अमेरिकेत खटला दाखल झाला. वापराची वेळ आणि कंपनाची पातळी यांसारखी माहिती वापरकर्त्यांच्या नकळत कंपनीकडे जात होती असा आरोप होता. २०१७ मध्ये कंपनीने भरपाई देऊन तडजोड केली. त्याच वर्षी आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमती मुक्त आणि माहितीपूर्ण असावी असे म्हटले आहे. मात्र ‘संवेदनशील’ माहितीचा स्वतंत्र वर्ग त्या कायद्यात ठेवलेला नाही. स्पर्शाची नोंद ही फोन नंबरसारखीच एक नोंद ठरावी का, हा प्रश्न त्यामुळे उघडा राहतो. मिस्ड कॉलची नोंद होत असे, पण त्याचा अर्थ त्या नोंदीत नसे.

तिसरी कसोटी : अर्थ कोण ठरवतो? रोलर, ठिपका, रिंग यांचा अर्थ वापरणारे ठरवतात. ‘मिठी’, ‘चुंबन’, ‘हृदयाचे ठोके’ अशी बटणे देणारे उपकरण अर्थ आधीच ठरवून विकते. त्यातून नात्याला स्वतःची भाषा घडवायला जागा उरत नाही.

७. कोणाचा स्पर्श? कोणासाठी?

या बटणांच्या यादीकडे भारतीय घराच्या नजरेने पाहिले तर तिची मर्यादा लगेच दिसते. आपल्याकडे कित्येक घरांत पती-पत्नी चारचौघांत एकमेकांचा हातही धरत नाहीत. मुलगी सासरी निघताना आई तिच्या गालावरून हात फिरवते, परगावी जाणारा मुलगा पाया पडतो, वडील फार तर पाठीवर थाप मारतात. माया, आदर, आशीर्वाद, दिलासा या प्रत्येकाचा स्पर्श वेगळा आहे. स्पर्श-उपकरणांनी मात्र दूरचे नाते म्हणजे तरुण प्रेमी जोडपे असेच धरले आहे. मुंबईच्या गिरणीत राबलेला कोकणी चाकरमानी, कोलकात्याला गेलेला भोजपुरी मजूर, आखातात गेलेला मल्याळी कामगार यांच्या विरहाचा इतिहास लांबलचक आहे. भिखारी ठाकूर यांचे ‘बिदेसिया’ हे नाटक किंवा मराठी बायकांच्या जात्यावरच्या ओव्या त्या विरहाची साक्ष देतात. या माणसांना ज्याची ओढ होती ते बहुधा कुठल्याही बटणावर सापडणार नाही.

दुसरी बाब अधिक कठोर आहे. ज्या समाजात काही माणसांचा स्पर्शच विटाळ मानला गेला, तिथे ‘स्पर्श’ हा शब्द निरागसपणे वापरता येत नाही. सुंदर सरुक्काई आणि गोपाळ गुरू यांनी अस्पृश्यतेचा विचार करताना स्पर्शाचे तत्त्वज्ञान पुन्हा तपासले आहे. कोणी कोणाला शिवावे, कोणी मागे सरावे, याचे नियम आपल्याकडे सत्तेने ठरवले. म्हणून स्पर्श म्हणजे केवळ सुखद संवेदना असे मानणारे तंत्रज्ञान आपल्या अनुभवापुढे फारच भोळे ठरते.

तिसरी बाब म्हणजे दूर असणे ही केवळ उणीव आहे हे गृहीतक. क्रिस्टल जियांग आणि जेफ्री हॅनकॉक यांनी २०१३ साली ६३ जोडप्यांच्या रोजच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला. दूर राहणारी जोडपी मनातले अधिक मोकळेपणाने सांगतात आणि त्यांना अधिक जवळीक जाणवते, असे त्यात दिसले. त्याचबरोबर ती जोडीदाराची प्रतिमा थोडी उजळ करून पाहतात, हेही दिसले. म्हणजे अंतर माणसांना बोलायला लावते. ‘बोलण्याऐवजी एक टिचकी’ अशी सवय लागली तर हे बोलणेच कमी होण्याचा धोका आहे.

या समीक्षेला एक महत्त्वाचा अपवाद नोंदवला पाहिजे. ज्यांना दिसत नाही आणि ऐकूही येत नाही अशा व्यक्तींसाठी स्पर्श हीच भाषा असते. तळहातावर उमटणाऱ्या स्पर्शातून अक्षरे पोचवणारे उपकरण त्यांच्यासाठी चैन नसून बोलण्याचे साधन असते. तिथे कसोटी अर्थातच वेगळी लागेल.

८. समारोप

यक्ष वाऱ्याला मिठी मारतो तेव्हा तो वारा तिला लागून आलाच आहे असे म्हणत नाही. कालिदासाने त्याच्या बोलण्यात ‘जर’ ठेवला आहे. आपण कशाला मिठी मारतो आहोत आणि कशाची आशा धरतो आहोत, हे यक्षाला कळते. स्पर्शतंत्रज्ञानाची जाहिरात हा ‘जर’ पुसून टाकते. मिठी पाठवा, स्पर्श पोचवा, असे ती ठामपणे सांगते. वापरणाऱ्याने तो ‘जर’ परत आणायला हवा. कडे थरथरले तर तिची आठवण आली एवढेच समजावे, तिचा हात आला असे समजू नये. आणि शक्य असेल तेव्हा गाडीचे तिकीट काढावे.

सारांश

• संवेदना त्वचेत घडते, स्पर्श दोन व्यक्तींमध्ये घडतो. बहुतेक उपकरणे कंपनावर चालतात, तर मायेच्या स्पर्शाला संथ गती व ऊब लागते.
• शरीराची नक्कल करणाऱ्या उपकरणांपेक्षा ‘इनटच’सारखी नक्कल टाळणारी उपकरणे अधिक प्रामाणिक ठरतात.
• बळाची हुबेहूब देवाणघेवाण दूरच्या अंतरावर प्रकाशाच्या वेगामुळे मर्यादित राहते.
• साध्या खुणांची उपकरणे ‘मी तुझ्या मनात आहे’ ही जाणीव पोचवतात. मिस्ड कॉल हे त्याचे भारतीय उदाहरण.
• परस्परता, नकाराचा अधिकार व नोंदीची मालकी, आणि अर्थ ठरवण्याचे स्वातंत्र्य या तीन कसोट्या मूल्यमापनासाठी वापराव्यात.

स्वाध्याय

१. संवेदना आणि स्पर्श यांतील फरक कोन व सहकाऱ्यांच्या प्रयोगाच्या आधारे स्पष्ट करा.
२. ‘इनटच’ आणि ‘हग शर्ट’ यांची पहिल्या कसोटीवर तुलना करा.
३. दिल्ली आणि चेन्नई यांच्यातील सरळ अंतर सुमारे १,७६० किलोमीटर आहे. प्रकाशतंतूतून संदेश जाऊन येण्यास किमान किती वेळ लागेल ते काढा आणि त्यातून निघणारा निष्कर्ष लिहा.
४. तुमच्या घरात किंवा भाषेत वापरल्या जाणाऱ्या स्पर्शाच्या पाच कृती लिहा. त्यांपैकी कोणती उपकरणाने पोचवता येईल आणि कोणती येणार नाही, ते कारणांसह सांगा.
५. ‘स्पर्शाची नोंद ही संवेदनशील माहिती मानावी.’ या विधानाच्या बाजूने किंवा विरुद्ध ३०० शब्दांत लिहा.